कड्यावरचं टर्बाइन, लायडर आणि २७५ मीटरचा प्रश्न: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माळव्याच्या पठारावरच्या एका पवन प्रकल्पाचं आहे. कड्याजवळच्या टर्बाइनला लागणारा वारा प्रमाणपत्रात धरल्यापेक्षा जास्त खवळलेला आहे का, हे तिथे लायडरने, म्हणजे लेझरने लांबूनच वारा मोजणाऱ्या यंत्राने, तपासलं. प्रकल्प, मालक कंपनी, टर्बाइनचा उत्पादक आणि शेजारचा प्रकल्प यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, टर्बाइनचे क्रमांकही बदलले आहेत. मोजमापाचं आणि विश्लेषणाचं काम इंदूरच्या एका लहान सल्लागार कार्यालयाने केलं. तिथली बरीच मंडळी इंदुरी मराठी, त्यामुळे या फाइलमधल्या अर्ध्या चर्चा मराठीत, अर्ध्या हिंदीत आणि आकडे तेवढे इंग्रजीत झाले.

पार्श्वभूमी

देवास ओलांडून पुढे गेलं की सपाट पठार जागोजागी उचलल्यासारखं होतं. खाली काळी माती, खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू-हरभरा. वर बेसाल्टचे उघडे माथे. पठारावरून मोकळा धावत येणारा नैर्ऋत्येचा वारा अशा माथ्यावर चढताना दाबला जातो आणि वेग घेतो, म्हणून पवनचक्क्या तिथे. वर्षाच्या विजेतला मोठा हिस्सा मे ते सप्टेंबर या महिन्यांत निघतो. थंडीतला ईशान्येचा वारा त्यामानाने मंद.

हा प्रकल्प अशाच एका लांबट माथ्यावर आहे. टर्बाइन २ मेगावॉट वर्गातली, रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा, व्यास ११० मीटर, त्याच्या मध्याची म्हणजे हबची उंची ९० मीटर. बहुतेक टर्बाइन माथ्याच्या सपाट भागात आहेत, पण दक्षिण टोकाची तीन अगदी कड्याला लागून. त्यांना इथे क-१, क-२, क-३ म्हणू. कड्याची धार त्यांच्या पायापासून जेमतेम एका रोटर-व्यासावर, आणि धारेपलीकडे जमीन एकदम साठेक मीटर खाली जाते. प्रकल्प उभा राहिल्यावर काही वर्षांनी वायव्येला दुसऱ्या कंपनीचा प्रकल्प आला. त्याचं सर्वांत जवळचं टर्बाइन क-२ पासून सुमारे सहा व्यासांवर आहे.

टर्बाइनचं प्रमाणपत्र आयईसी ६१४००-१ या पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या ३-बी वर्गाचं. त्यातला ३ वाऱ्याच्या वेगाचा, बी टर्ब्युलन्सचा, म्हणजे वाऱ्यातल्या खळबळीचा. दहा मिनिटांत वेग किती हेलकावतो याचं प्रमाण विचलन काढायचं, त्याला त्याच दहा मिनिटांच्या सरासरी वेगाने भागायचं, की टर्ब्युलन्स इंटेन्सिटी मिळते; साइटवर सगळे तिला टीआय म्हणतात. बी वर्गाचा संदर्भ आकडा ०.१४. मानकातल्या सूत्रात तो घातला की प्रत्येक वेगाला एक मर्यादा निघते: सेकंदाला १० मीटर वाऱ्यात सुमारे १८.३ टक्के, १५ मीटर वाऱ्यात सुमारे १५.७ टक्के. त्या त्या वेगाच्या ९० टक्के नोंदी या रेषेखाली असाव्यात अशी अपेक्षा असते.

अडचण

कड्यावरची तिन्ही टर्बाइन पावसाळ्यात वारंवार कंपनाचा अलार्म देऊन थांबत. यॉचे, म्हणजे रोटर वाऱ्याकडे वळवणाऱ्या यंत्रणेचे, ब्रेक पॅड इतरांपेक्षा लवकर झिजत. शेवटी क-२ चं एक पिच बेअरिंग, म्हणजे पातं ज्यावर आपला कोन बदलतं ते बेअरिंग, अपेक्षित आयुष्याच्या कितीतरी आधी गेलं. त्यासाठी मोठी क्रेन आणावी लागते आणि ऐन हंगामात टर्बाइन बंद राहतं, तेव्हा प्रश्न लगेच वॉरंटीवर आला.

उत्पादकाने कळवलं की जागेवरचा टर्ब्युलन्स प्रमाणपत्राबाहेर आहे, वॉरंटी लागू होत नाही. मालक कंपनीत दोन मतं होती. हिशेब पाहणारे म्हणत बेअरिंगच सदोष. साइटचे इंजिनिअर म्हणत शेजाऱ्यांची टर्बाइन आल्यापासून त्रास वाढला. तिघांकडेही मोजमाप नव्हतं.

वारा मोजणारा मास्ट होता, पण उत्तर टोकाला, सपाटावर, कड्यापासून दोनेक किलोमीटर लांब. तिथला टीआय मर्यादेच्या बराच खाली, आणि कड्यावर काय चाललं आहे याबद्दल तो काहीच सांगत नव्हता. नॅसेलवरचा, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्रपेटीवरचा, वेग मोजणारा अ‍ॅनिमोमीटर रोटरच्या मागे असतो. प्रत्येक पातं पुढून गेलं की त्याच्यापर्यंत ढवळलेली हवा येते. त्याच्या नोंदींतून टर्ब्युलन्स काढणं म्हणजे टर्बाइनने स्वतः केलेली ढवळाढवळ मोजणं. उत्पादकाच्या पत्राला जोडलेला आलेख नेमका याच अ‍ॅनिमोमीटरचा होता.

समोरचे पर्याय

कड्यापाशी नवा मास्ट उभारणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. मानकातल्या सगळ्या मर्यादा मास्टवर बसणाऱ्या, वाट्या फिरून वेग मोजणाऱ्या कप अ‍ॅनिमोमीटरच्या अनुभवावर बेतलेल्या आहेत, त्यामुळे तिथे वाद उरत नाही. पण ९० मीटरचा मास्ट, त्याच्या ताणदोऱ्यांना लागणारी जमीन, शेतकऱ्यांशी बोलणी, परवानग्या, हे सगळं होईतो पावसाळा संपला असता. शिवाय मास्ट एकाच जागी राहतो आणि वादात दोन दिशा होत्या.

जमिनीवर ठेवायचं उभं लायडर भाड्याने सहज मिळतं. ते आकाशाकडे शंकूच्या आकारात लेझर शलाका सोडतं आणि शंकूच्या सगळ्या बाजूंना वारा सारखाच आहे असं गृहीत धरून वेग काढतं. कड्यापाशी हे गृहीतकच कोसळतं: शंकूच्या एका बाजूला वारा वर चढतो आहे, दुसऱ्या बाजूला आडवा झाला आहे. सरासरी वेगातही चूक येते आणि टर्ब्युलन्समध्ये उभे-आडवे घटक एकमेकांत मिसळतात.

तिसरा मार्ग नॅसेलवर बसवायच्या लायडरचा. ते टर्बाइनबरोबर फिरतं, म्हणून नेहमी समोरून येणाऱ्या वाऱ्याकडेच पाहतं. सुमारे १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना अपाय न करणारा अवरक्त लेझर हवेतल्या धुळीवर, परागांवर, बाष्पकणांवर पडतो आणि त्यातला अगदी थोडा प्रकाश परत येतो. कण आपल्याकडे येत असतील तर परतलेल्या प्रकाशाची वारंवारता किंचित वाढते. सेकंदाला १ मीटर वेगाला हा फरक सुमारे १.२९ मेगाहर्ट्झ पडतो. प्रकाशाच्या वारंवारतेपुढे तो नगण्य, पण यंत्राला मोजायला पुरेसा. स्पंदनांनी चालणाऱ्या लायडरमध्ये प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून अंतर कळतं, त्यामुळे ५० मीटरपासून काही शे मीटरपर्यंत अनेक टप्प्यांवरचा वारा एकाच वेळी मिळतो.

चौथा पर्याय कागदावर होता आणि मला तो आजही दुर्लक्षित वाटतो: पात्याच्या मुळाशी आणि टॉवरच्या तळाशी स्ट्रेन गेज लावून थेट ताणच मोजायचा. खर्चाचं कारण देऊन तो पहिल्याच बैठकीत बाजूला पडला.

नॅसेल लायडर निवडलं गेलं. चार शलाकांचं, आडवे १५ अंश आणि उभे ५ अंश फाकणारं.

पहिला निर्णय: आधी मास्टशेजारी

मालकाला लायडर सरळ क-२ वर हवं होतं. मे महिना लागला होता, वारा सुरू झाला होता, भाडं दिवसावर होतं. विश्लेषण करणाऱ्या ताईचं म्हणणं वेगळं. ती आणि कार्यालयाचे प्रमुख एकाच वाड्यात वाढलेल्या घरांतले, त्यामुळे ऑफिसात ती त्यांना सर म्हणते आणि वाद रंगला की काका.

"काका, आधी मास्टच्या शेजारच्या टर्बाइनवर लावू या. हे यंत्र सपाटावर काय दाखवतं तेच माहीत नसेल, तर कड्यावरच्या आकड्याला विचारणार कोण?"

"अगं, पण पाऊस कोणासाठी थांबतोय?"

"पाऊस येऊ द्या. हंगाम सप्टेंबरपर्यंत आहे."

तिच्या आग्रहामागे साधं गणित होतं. स्पंदनाची लांबी २०० नॅनोसेकंद धरली तर लायडर एका वेळी सुमारे ३० मीटर लांबीच्या हवेची सरासरी पाहतं. त्याहून लहान भोवरे त्या सरासरीतून निसटतात, जाड चाळणीतून बारीक रवा निसटावा तसे. त्यात दोन शलाकांची बेरीज करून वेग काढायचा म्हणजे एकमेकांपासून लांबच्या दोन जागांची आणखी एक सरासरी. म्हणून लायडरचा टीआय कपपेक्षा साधारणपणे कमी येतो. दुसऱ्या बाजूने, शलाका तिरक्या असल्याने वाऱ्याचा आडवा घटक मोजमापात शिरतो आणि तो आकडा वाढवतो. या दोन चुका उलट दिशेच्या, आणि त्यांची वजाबाकी जागेनुसार, तासानुसार बदलते. मास्टशेजारी न मोजता हे कळण्याचा मार्ग नाही.

प्रमुखांनी शेवटी मालकाला पटवलं. जूनच्या मध्यापर्यंत लायडर सपाटावर राहिलं. पुढे जे काही सिद्ध करता आलं ते या आठवड्यांच्या जोरावर, म्हणून हा निर्णय मी या प्रकरणात सर्वांत वर ठेवतो.

दुसरा निर्णय: कोणत्या अंतरावरचा वारा

वीज-वक्र, म्हणजे कोणत्या वेगाला किती वीज निघते, तो तपासायचा असेल तर आयईसी ६१४००-१२-१ मध्ये वारा रोटरपुढे दोन ते चार व्यासांवर मोजतात, शिफारस अडीच व्यासांची. इथे ते २७५ मीटर. कारण सरळ आहे. रोटर समोरच्या हवेला अडवतो आणि ती आधीच मंदावते. थ्रस्ट गुणांक, म्हणजे वारा रोटरला किती जोराने मागे ढकलतो त्याचं माप, ०.८ धरला तर साध्या सूत्राने २७५ मीटरवर ही घट अर्धा टक्का, ८० मीटरवर मात्र ५ टक्के निघते. सरासरी कमी झाली की टीआय आपोआप फुगतो, कारण सरासरी छेदात आहे.

शलाकांमधलं अंतरही बदलतं. ८० मीटरवर डाव्या आणि उजव्या शलाकेत सुमारे ४३ मीटर, २७५ मीटरवर सुमारे १४७ मीटर. लांबच्या टप्प्यावर जास्त भोवरे सरासरीत हरवतात.

सपाटावर हे सगळं पाठ्यपुस्तकासारखं दिसलं. ८० मीटरचा टीआय २७५ मीटरच्या टीआयपेक्षा साधारण एक टक्का-बिंदू जास्त, आणि हा फरक दिशा बदलली तरी फारसा हलत नव्हता.

कड्यावर मुद्दा वेगळाच होता आणि तो नकाशा टेबलावर पसरल्यावर सगळ्यांच्या लक्षात आला. क-२ च्या पुढे एका व्यासावर धार. म्हणजे नैर्ऋत्य वाऱ्यात २७५ मीटरचा मोजणीचा बिंदू धारेच्या पलीकडे, दरीवर. तिथली हवा अजून कड्याला लागलेलीच नाही. धारेवरून उसळताना जे भोवरे तयार होतात ते धारेच्या अलीकडे, रोटरच्या दिशेने. मानकाने सुचवलेल्या अंतरावर मोजायचं तर रोटरला न लागणारा, शांत वारा मोजला जाणार होता.

मालकाला नेमका तोच आकडा सोयीचा होता. २७५ मीटरवरचा टीआय सगळ्या वेगांना मर्यादेखाली होता. त्यांच्या व्यवस्थापकांनी फोनवर विचारलं, "मानकात हेच अंतर आहे ना? मग तेच द्या." प्रश्न वावगा नव्हता. पण ते अंतर सपाट जमीन धरून आणि सरासरी वेगासाठी ठरवलेलं आहे. नॅसेल लायडरसाठी २०२२ मध्ये आलेलं आयईसी ६१४००-५०-३ हे मानकही मुख्यतः दहा मिनिटांच्या सरासरी वेगाचाच विचार करतं. कड्यावरच्या टर्ब्युलन्सला त्यातलं अंतर जसंच्या तसं लावायला आधार नाही. कार्यालयाने ठरवलं की दोन्ही अंतरांचे आकडे द्यायचे, निष्कर्ष मात्र धारेच्या अलीकडच्या, ८० मीटरवरच्या, सपाटावरच्या तुलनेने दुरुस्त केलेल्या आकड्यावर काढायचा.

पावसाळ्यातलं मोजमाप

लायडर क-२ वर चढलं तोवर पाऊस पोहोचला होता. नॅसेलच्या छपरावर यंत्र पक्कं करणं, शलाकांचा कल ठरवणं यावर एक तंत्रज्ञ दिवसभर वर होता. थ्रस्टखाली टॉवर मागे वाकतो आणि शलाका वर उचलली जाते; अर्धा अंश चुकला तरी २७५ मीटरवर अडीच मीटरच्या जवळपास फरक पडतो, म्हणून आधीच थोडा खालचा कल द्यावा लागतो.

पाऊस स्वतःच मोजमापात शिरतो. मोठे थेंब सेकंदाला सहा-सात मीटरने पडतात. शलाका ५ अंशांनी वर किंवा खाली झुकलेली असेल तर त्यातले सुमारे ०.६ मीटर वाऱ्याच्या वेगात मिसळतात, वरच्या शलाकेत एका चिन्हाने आणि खालच्या शलाकेत उलट चिन्हाने. सरासरी घेतली तर ते एकमेकांना कापतात, पण एकेका शलाकेचा टर्ब्युलन्स पाहायचा तर नाही. म्हणून जोरदार पावसाची दहा-दहा मिनिटं बाजूला काढली. मुसळधार पाऊस थांबल्यावर वेगळीच गंमत: हवा धुऊन इतकी स्वच्छ होते की परतायला धूळच उरत नाही, आणि लांबच्या टप्प्यांची नोंद रिकामी येते. शिवाय पाती शलाकेसमोरून जात असतात, तेव्हाच्या नोंदी जातातच.

साइटच्या इन्चार्ज दादांनी या गाळणीवर शंका घेतली. "ताई, वादळ येतं तेव्हाच तर मशीन ट्रिप होते. तुम्ही तेच दिवस काढून टाकले तर उरलं काय?" त्यावर ताईने ट्रिपच्या वेळा आणि गाळलेल्या नोंदी शेजारी लावून पाहिल्या. बहुतेक ट्रिप पावसाच्या सरीत नव्हत्या, सरीच्या आधीच्या जोरदार वाऱ्यात होत्या, आणि त्या नोंदी शाबूत होत्या. ही तपासणी अहवालात परिशिष्टात गेली. ती पुढे यायला हवी होती, कारण उत्पादकाने बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारला.

तिसरा निर्णय: एक गुणक की दोन

सपाटावरच्या तुलनेत लायडरचा टीआय मास्टपेक्षा एकूण सुमारे दहाव्या हिश्शाने कमी भरला. सोपं काम म्हणजे सगळ्या नोंदींना एकच गुणक लावणं. प्रमुख त्याच बाजूचे होते. समोरच्याला एका ओळीत समजेल असा आकडा हवा.

पण नोंदी दिवस-रात्र अशा वेगळ्या केल्यावर चित्र फाटलं. दुपारी जमीन तापते, मोठाले भोवरे उठतात, त्यांच्यापुढे ३० मीटरची सरासरी किरकोळ. लायडर आणि कप जवळजवळ जुळत. रात्री जमीन गार पडते, हवा थरांनी स्थिरावते, भोवरे लहान होतात आणि लायडर त्यातले बरेचसे गमावतं. फरक पाचव्या हिश्शापर्यंत जाई. शब-ए-मालवाचं, माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक आपण गारव्यासाठी करतो, इथे तोच गारवा दुरुस्ती दुप्पट करत होता.

दोन गुणक लावले. अहवाल जाड झाला, आकडे टिकले.

काय दिसलं

नैर्ऋत्य वाऱ्यात क-२ वर ८० आणि २७५ मीटरच्या टीआयमधला फरक तीन टक्का-बिंदूंच्या पुढे गेला. सपाटावर तो एक होता, यंत्र तेच, टप्पे तेच. वाढीव भाग कड्याचा. ईशान्येचा वारा असताना, म्हणजे क-२ च्या पुढे सपाट माथा असताना, फरक पुन्हा एकच्या आसपास आला. उत्पादकाचे इंजिनिअर पहिल्यांदा इथेच गप्प झाले आणि आलेख नीट पाहू लागले. दुरुस्तीनंतरचा आकडा १० ते १३ मीटर वेगांना मर्यादेच्या रेषेवर आणि काही ठिकाणी किंचित वर होता, जोराच्या वाऱ्यात खाली.

वायव्येचा पट्टा वेगळा निघाला. सुमारे २० अंशांच्या अरुंद पट्ट्यात, तेही मुख्यतः रात्री, डाव्या शलाकांवर वेग कमी आणि हेलकावे जास्त, उजव्या शलाकांवर वारा मोकळा. दिशा थोडी सरकली की मंद पट्टा डावीकडून उजवीकडे सरके. टेकडी असं करत नाही. हा शेजाऱ्यांच्या टर्बाइनमागचा वेक, म्हणजे रोटरमागे उरणारा मंद, ढवळलेला वारा होता. स्थिर हवेत तो लवकर विरत नाही, म्हणून रात्रीच ठळक दिसत होता. अर्धा रोटर वेकमध्ये असताना लायडरचा यॉ-चुकीचा आकडाही भलताच येतो. मोकळ्या दिशांतून तपासलं तेव्हा क-२ ची यॉ-चूक किरकोळ निघाली, तो विषय तिथेच मिटला.

अहवालात काय लिहायचं

वायव्य पट्ट्याचे तास वर्षभरात थोडे. सरासरी काढली तर तो दिसतही नाही. पण सततच्या हेलकाव्यांनी भागांना येणाऱ्या थकव्याचं गणित सरासरीचं नसतं. ताणाचा हेलकावा २० टक्के वाढला तर टॉवरच्या पोलादाला, घातांक ४ धरून, नुकसान सुमारे दुप्पट. पात्याच्या काचतंतूला, घातांक १० धरून, सहापट. म्हणून मानकातली परिणामी टर्ब्युलन्सची पद्धत घटकागणिक वेगळा घातांक वापरते. टॉवरसाठी जागा ठीक आणि पात्यांसाठी धोक्याची, असं एकाच मोजणीतून निघू शकतं. इथे तसंच निघालं.

मालकाला हा अहवाल आवडला नाही. पैसे त्यांनी दिले होते आणि नैर्ऋत्येचा आकडा उत्पादकाच्या बाजूने झुकत होता. कार्यालयात एक मत असंही होतं की दुरुस्ती न केलेले आकडे मुख्य भागात द्यावेत आणि दुरुस्त आकडे परिशिष्टात. प्रमुखांनी ते मोडून काढलं. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी होता: उत्पादकाकडे लायडर जाणणारे लोक आहेत, ते पहिल्या दिवशी २७५ मीटरचा बिंदू दरीवर दाखवतील आणि मग उरलेला अहवालही गेला.

निष्पत्ती

इंदूरमध्ये संयुक्त बैठक झाली. उत्पादकाने दिशावार टर्ब्युलन्स घालून भारांची पुनर्गणना करायचं मान्य केलं. त्यांच्याच गणनेत टॉवर आणि पाया मर्यादेत बसले. पिच बेअरिंगवरचा वाढीव भार मुख्यतः वायव्येच्या वेकमधून आला, त्यामागे कड्यावरचा नैर्ऋत्य वारा. शेजारचा प्रकल्प टर्बाइन दिल्यानंतर आलेला, म्हणून सगळा दोष मूळ जागेवर टाकणं उत्पादकालाही जमेना. बेअरिंगचा खर्च वाटून घेतला गेला. इतर भागांची वॉरंटी कायम राहिली, एका अटीवर: वायव्येच्या पट्ट्यात, रात्री, ८ ते १२ मीटर वेगात क-२ कमी क्षमतेवर चालेल. त्यात जाणारी वीज मालकाची.

शेजारच्या कंपनीला पत्र गेलं. त्यांची मांडणी मंजूर आहे एवढंच उत्तर आलं.

पुढच्या पावसाळ्यात क-२ च्या ट्रिप कमी झाल्या. मालकाने त्याचं श्रेय नव्या व्यवस्थेला दिलं. मी तसं म्हणणार नाही. त्या हंगामात वाराच सौम्य होता, आणि मधल्या काळात ब्रेक पॅडही बदलले होते.

वेगळं काय करता आलं असतं

स्ट्रेन गेज. टर्ब्युलन्सवरून भार काढणं ही दोन पायऱ्यांची गणना आहे आणि वाद दुसऱ्या पायरीवर होता. पहिल्याच बैठकीत गेजचा खर्च क्रेनच्या एका फेरीच्या खर्चाशेजारी मांडला असता तर तो पर्याय इतक्या सहज पडला नसता.

८० मीटरवर खालच्या शलाका हबपेक्षा फक्त सातेक मीटर खाली असतात. रोटरचं खालचं टोक जमिनीपासून ३५ मीटरवर, आणि कड्याचे भोवरे तिथेच सर्वांत जोरात असणार. त्या थराबद्दल या लायडरने काहीच सांगितलं नाही. क-२ आणि धार यांच्यामध्ये काही आठवडे जमिनीवरचं लायडर किंवा सोडार, म्हणजे ध्वनीने वारा मोजणारं यंत्र, ठेवलं असतं तर निदान खालचा थर किती वर येतो ते कळलं असतं. त्याच्या आकड्यांवर तेवढा भरवसा नसता, पण थराची उंची मिळाली असती.

भाड्याच्या करारात दहा मिनिटांची आकडेवारी आणि शलाकागणिक वेग एवढंच होतं. परतलेल्या प्रकाशाचा वर्णपट साठवलेला नव्हता. त्या वर्णपटाच्या रुंदीतून ३० मीटरच्या सरासरीत हरवलेले लहान भोवरे बऱ्याच अंशी परत मिळवता येतात. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात याकोब मान आणि सहकाऱ्यांनी त्यावर काम केलं आहे. तो मिळाला असता तर दिवस-रात्रीच्या गुणकांवर एवढं विसंबावं लागलं नसतं. डेटा मात्र प्रचंड होतो आणि साइटवरच्या मोबाइल नेटवर्कवरून तो पाठवता येत नाही. हार्ड डिस्क वरून खाली आणावी लागते.

आणि अंतराचा प्रश्न मोजणीआधी, लेखी, दोन्ही पक्षांसमोर सोडवायला हवा होता. आकडे हातात आल्यावर २७५ की ८० हा वाद तांत्रिक राहत नाही, ज्याला जो आकडा सोयीचा तो त्या अंतराचा. क-१ आणि क-३ ची मोजणी आता ठरते आहे. तिच्या मसुद्यात टप्पा, दुरुस्तीची पद्धत, पावसाची गाळणी आणि वर्णपट साठवणं या चारही गोष्टींवर उत्पादकाची सही आधी घेतली आहे. स्ट्रेन गेजचा खर्च कोणी करायचा, यावर पत्रव्यवहार चालू आहे.